तीन नंबरच्या तळ्यातले मासे

संपादकबाईंचा फोन आला, "तुम्ही अमेरिकेत निसर्गरक्षणाचं काम केलंत, त्यावर आमच्या अंकासाठी लिहा." मी हौसेनं हो म्हटलं. फोन ठेवला आणि लक्षात आलं, की आपण नक्की कशाचं रक्षण केलं आणि कोणापासून, हे मला निवृत्त झाल्यावरही धड सांगता येत नाही. तेव्हा ज्यांना या लेखातून काही शिकायचं असेल त्यांनी बेतानंच अपेक्षा ठेवावी.

मिशिगनमध्ये ॲन आर्बरच्या अलीकडे एक लहान गाव आहे. त्या गावाच्या उद्यान खात्यात मी २००१ ते २००८ नोकरी केली. मराठी मंडळाच्या गणपतीत बायका विचारायच्या, "तू काय करतेस गं?" मी म्हणायचे, "गावाच्या मालकीचं एक जंगल आहे, त्यातली डबकी सांभाळते." मग त्या मोदकांकडे वळायच्या. एकदा एकजण म्हणाली, "यार, पण त्याला डिग्री लागते?" लागते. माझी सांगलीची वनस्पतिशास्त्राची एमएस्सी आहे आणि तिच्यावर इथली आणखी एक डिग्री. दोन्हींचा उपयोग मुख्यतः काहीही न करण्यासाठी व्हायचा. तो कसा, ते आधी सांगते.

त्या जंगलात ओक आणि मेपलच्या झाडांखाली पाच खोलगट जागा होत्या. मार्चमध्ये बर्फ वितळलं की त्या भरायच्या, ऑगस्टपर्यंत आटून जायच्या. आमच्या कागदोपत्री त्यांना एक ते पाच नंबर होते आणि बोलताना आम्ही त्यांना तळी म्हणायचो, पण सांगलीत कोणीही त्यांना डबकीच म्हटलं असतं. आता गंमत अशी, की दरवर्षी आटतात म्हणून त्यांच्यात मासे टिकत नाहीत. मासे नाहीत म्हणून तिथे रानबेडूक आणि सॅलॅमँडर निर्धास्तपणे अंडी घालतात. सॅलॅमँडर म्हणजे ओल्या कातडीची, संथ चालणारी पाल समजा. (पालीला घाबरणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी इथे पान उलटलं तरी चालेल.) हे प्राणी वर्षभर जंगलात मातीखाली असतात आणि वसंतात जिथे जन्मले त्याच तळ्यावर परत येतात. दुसरं तळं शेजारी असलं तरी त्यांचं तिथे मन लागत नाही. म्हणजे तळ्याचं आटणं हाच त्याचा गुण. माझं काम काय, तर ते वेळेवर भरतंय ना, वेळेवर आटतंय ना हे बघायचं आणि मधल्या काळात कोणी त्यात काही टाकू नये, त्यातून काही काढू नये, ही राखण करायची.

लोकांना हे पटवणं अवघड जायचं. दर ऑगस्टमध्ये कोणी ना कोणी फोन करून कळवायचं, की तुमचं तळं गळतंय, माणूस पाठवा. एका बाईंनी तक्रार केली होती, की जंगलात बदकं भांडतायत पण एकही दिसत नाही. ते रानबेडूक होते, त्यांचा आवाजच तसा असतो. मंडळातलं एक कुटुंब पुलावाचे डबे घेऊन सहलीला आलं आणि तासाभरानं मला म्हणालं, "तो लेक कुठेय नक्की?" मी म्हटलं, "तुम्ही मघापासून त्याच्याच काठावर बसलाय." त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मुलांना हात धुवून गाडीत बसायला सांगितलं. उलट एक उंच, अबोल अमेरिकन गृहस्थ दर आठवड्याला यायचे, तीन नंबरच्या तळ्याकाठच्या लाकडी बाकावर बसायचे आणि उठून जायचे. एकदा मी विचारलं, काय बघता? म्हणाले, "काही नाही. इथे मला कोणी काही विकत नाही." मला आजवर मिळालेली कामाची ती सगळ्यात चांगली पावती.

२००२ च्या उन्हाळ्यात आमच्या भागात कावळे मरून पडायला लागले. डासांमधून पसरणारा वेस्ट नाइल नावाचा ताप आला होता, माणसंही दगावत होती. टीव्हीवर रोज तेच. तीन नंबरच्या तळ्याला लागून नवीन घरांची वसाहत झाली होती, तिथल्या लोकांनी गावाच्या बोर्डाकडे अर्ज केला, की हे डबकं बुजवा. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही, आताही येत नाही. लहान मुलं असलेल्या आईला मी सॅलॅमँडरचं काय कौतुक सांगणार? माझी वरिष्ठ कॅरल हिनं बोर्डापुढे बाजू मांडली, की आटणाऱ्या तळ्यात डासांच्या अळ्या खाणारे पुष्कळ असतात, हे तळं तुमच्या डासांचं मूळ नाही. बोर्डानं एक वर्ष दिलं. पुढचा उन्हाळाभर तिथल्या अळ्या मोजा, सप्टेंबरच्या सभेत आकडे आणा. आकडे वाईट आले तर तळं बुजवायचं, असं ठरलं.

अळ्या मोजायला आमच्याकडे लांब दांड्याची एक पांढरी पळी असते, तिला डिपर म्हणतात. पाण्यात बुडवायची, वर काढायची, पांढऱ्यावर काळ्या अळ्या वळवळताना दिसतात त्या मोजायच्या. २००३ च्या मे महिन्यात मी तीन नंबरच्या काठावर हे करत होते, तेव्हा मागून मराठीत आवाज आला.

"असं नाही बुडवत ते, ताई. तिरपं धरा. सावली पडली का अळी खाली पळते."

वळून पाहिलं तर सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ. मे महिन्यात कानटोपी, आणि पायात पांढरे शुभ्र स्पोर्ट शूज, जे अमेरिकेत आलेल्या प्रत्येक मराठी वडिलांना मुलगा पहिल्याच आठवड्यात घेऊन देतो. मी कोण हे त्यांना माझ्या कपाळावरच्या टिकलीवरून आणि शर्टावरच्या आडनावाच्या पट्टीवरून कळलं असावं.

"काका, तुम्हाला डिपर माहीत आहे?"

"जिंदगी गेली त्याच्यात. हिवताप खात्यात होतो, अकोला जिल्हा. हे पाहून मला वाटलं, आपण घरीच आलो का काय."

हे ढोलेकाका. मुलगा अभिजित एका मोटार कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा, त्याचं घर तळ्याला लागून असलेल्या वसाहतीत. काका सहा महिन्यांसाठी आले होते. त्यानंतर मी तिथे गेले की काका असायचेच. पळी त्यांच्या हातात दिली की त्यांचा चेहराच बदलायचा. त्यांनी सांगितलेल्या कामाच्या गोष्टींवर एक वेगळा लेख होईल. गावोगाव फिरायचं, साचलेलं पाणी शोधायचं, बुजवता आलं तर बुजवायचं, नाहीतर तेल टाकायचं, आणि विहिरीत, हौदात गप्पी मासे सोडायचे. गप्पी अळ्या खातात, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. काका म्हणायचे, "साचलेलं पाणी दिसलं का माझे हात शिवशिवतात."

त्यांचं सगळं आयुष्य डबकी नाहीशी करण्यात गेलं होतं आणि मी पगार घेत होते डबकी राखण्याचा. दोघंही एकाच पळीवर वाकून. मी त्यांना आटण्याचं, बेडकांचं, सॅलॅमँडरचं सगळं समजावून सांगितलं. ते मान डोलवायचे. मग एकदम म्हणायचे, "पण माझी नात मागच्या अंगणात खेळते, ताई. टीव्हीवर रोज सांगतात. अन् घराच्या पाठीशी हे उघडं पाणी, अन् सरकार त्याला जपते. माझं तर डोकंच चालत नाही." मी म्हणायचे, सप्टेंबरात आकडे चांगले आले पाहिजेत हो काका, नाहीतर बुजवणार आहेत. तुमच्या नातीलाही त्रास नको आणि तळंही राहू दे, एवढंच माझं म्हणणं. हे मी त्यांना बरेचदा बोलून दाखवलं. आता वाटतं, जरा कमी वेळा बोलायला हवं होतं.

जूनमध्ये मी एका प्रशिक्षणासाठी बाहेरगावी गेले. परत आले, तीन नंबरवर पळी बुडवली, आणि एकही अळी नाही. दुसऱ्या जागी बुडवली, तिथेही नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण पाण्यात बाकीचंही कोणी नव्हतं. सॅलॅमँडरची पिल्लं नाहीत, पाणकिडे नाहीत. चौथ्या की पाचव्या पळीत चांदीसारखं काहीतरी चमकलं. मासा.

"आले का, ताई?" काका झाडीतून येत म्हणाले. "पाहा आता आकडे."

अभिजित त्यांना शनिवारी पाळीव प्राण्यांच्या दुकानात घेऊन गेला होता. तिथल्या माणसानं सांगितलं, गप्पी इतक्या गार पाण्यात मरतील. मग काकांनीच शोध लावला, की गळाला लावायचे बारके मासे विकणारं दुकान हायवेवर आहे. तिथून त्यांनी बादलीभर मासे आणले. दुकानदारानं विचारलं, कुठे चाललात मासेमारीला? काकांनी सांगितलं, "नो फिशिंग. पब्लिक हेल्थ."

त्यांनी हे माझ्यासाठी केलं होतं. त्यांच्या नातीसाठी केलं होतं. आणि त्यांच्या हिशेबानं तळ्यासाठीसुद्धा. ते हसऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघत होते. मी "अरे वा" म्हटलं आणि ऑफिसला येऊन कॅरलसमोर बसून रडले.

कॅरलनं सगळं ऐकून घेतलं. पेच असा होता, की आकडे उत्तम होते. असेच राहिले तर सप्टेंबरात बोर्ड खूश होऊन तळं ठेवणार. पण ठेवणार ते काय? माशांनी भरलेला एक खड्डा. आणि हे मासे सोडून जमतं म्हटल्यावर बाकीच्या चार तळ्यांतही सोडायला सांगणार. बरं, मासे काढून टाकले तर अळ्या खाणारं कोणीच नाही, आकडे बिघडून तळंच जाणार. म्हणजे वाचवलं तर मेलं आणि जगवलं तर बुजवलं. शेवटी आम्ही दोन डिग्रीवाल्या बायकांनी निर्णय घेतला, की काही करायचं नाही. ऑगस्टात तळं आपोआप आटेल, मासे संपतील, पुढचं पुढे.

ऑगस्ट आला. एक, दोन, चार, पाच, सगळी तळी खाली उतरायला लागली. तीन नंबर मात्र काठोकाठ. मी पट्टी लावून मोजलं, पुन्हा मोजलं. पाऊस नाही, झरा नाही. मला वाटलं आपल्यालाच काहीतरी कळत नाहीये, तशी ती सवय होतीच. शेवटी काठाकाठानं फिरताना पायाखाली काहीतरी मऊ लागलं. पाचोळ्याखालून हिरवा रबरी पाइप चालला होता. त्याच्या मागे मागे गेले तर दोन पाइप जोडून तो थेट अभिजितच्या मागच्या अंगणातल्या नळाला लावलेला. काका खुर्ची टाकून शेजारी बसले होते.

"आटायला लागलं होतं," ते म्हणाले. "बिचारे तडफडून मेले असते. तुमचे आकडेही गेले असते."

आता सांगणं भाग होतं. मी त्यांच्या पायरीवर बसून सांगितलं, की या माशांनी सॅलॅमँडरची सगळी पिल्लं खाल्ली. तळं आटायलाच हवं आहे. ते ऐकत राहिले.

"डास गेले का नाही गेले?"

"गेले, काका."

"मग?"

या 'मग'चं एक उत्तर माझ्याकडे होतं. पण खरं सांगायचं तर ते पाठ केलेलं होतं आणि त्या अंगणात नातीची तीनचाकी समोर असताना ते म्हणवेना. मी म्हटलं, "पाच मिनिटं माझ्याबरोबर चला."

दोन नंबरच्या तळ्यात अजून हातभर पाणी उरलं होतं. मी पळी काकांच्या हातात दिली. त्यांनी तिरपी बुडवली, अलगद वर काढली. पांढऱ्यावर चारपाच अळ्या वळवळत होत्या आणि त्यांच्यात बोटाएवढं एक पिल्लू, गळ्याशी पिसांसारखे कल्ले फुललेलं. ते अगदी स्थिर होतं. मग त्यानं मान एवढीशी हलवली आणि एक अळी नाहीशी झाली. थोड्या वेळानं दुसरी. काकांनी पळी डोळ्यांजवळ नेली. तिसरी गेली तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

"हा तर आपल्याच खात्यातला आहे," ते म्हणाले.

पळी पाण्यात पुन्हा अलगद सोडून ते तिथेच दगडावर बसले. "अन् मी याच्या ऑफिसात दुसरे आणून बसवले. यालाच खाऊन टाकणारे." मी काही म्हणणार, तर त्यांनी हात वर केला.  अंगणात पोचल्यावर त्यांनी स्वतः नळ बंद केला.

पुढचा पंधरवडाभर काका आणि अभिजित रोज संध्याकाळी आटत्या तळ्यात उतरून मासे पकडत होते. सुनेचं पुरणाचं मोठं पातेलं त्या कामी लागलं, त्यावरून घरात जे झालं ते मी लिहीत नाही. मासे त्यांनी हायवेवरच्या दुकानात परत नेऊन दिले. गळाचे मासे जिवंत परत आणणारं गिऱ्हाईक त्या दुकानदारानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानं विचारलं, काय झालं? काका म्हणाले, "ट्रान्स्फर."

सप्टेंबरच्या सभेआधी मी काकांना म्हटलं, आकडे तर चांगलेच आहेत, तेवढे सांगून गप्प बसू. ते जवळजवळ रागावलेच. "शून्य माझ्या माशांमुळे आलं, ताई. ते डबक्याच्या नावावर लावायचं नाही. खात्याला खोटा आकडा मी कधी दिला नाही, मग खातं कोणाचंही असो." सभेला ते सूट घालून आले आणि अभिजितबरोबर शेवटच्या रांगेत बसले.

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. फक्त मासे कोणी सोडले ते नाव सांगितलं नाही. बोर्डाचे अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे मासे वाईट होते?"

"नाही. इथे नको होते."

"पण डास गेले?"

"हो."

"मग मासे का काढले?"

"ते डास खाणाऱ्यांना खात होते."

"म्हणजे आता डास परत येणार?"

"थोडे येतील. खाणारेही येतील."

"कधी?"

"ते मला माहीत नाही."

 तळं बुजवायचं म्हणणारे आणि ठेवायचं म्हणणारे एकमेकांकडे बघायला लागले, कारण आपण जिंकलो की हरलो हे दोघांनाही कळेना. शेवटी अध्यक्ष म्हणाले, विषय पुढच्या वर्षी घेऊ. पुढच्या वर्षी वेस्ट नाइलची भीती ओसरली होती, आणि त्यानंतर तो विषय कोणी काढलाच नाही. तीन नंबरचं तळं वाचलं, ते कोणालाच काही न कळल्यामुळे वाचलं. माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा विजय तो हाच, आणि त्याचा अभिमान धरावा की नाही याबद्दल मी अजून साशंक आहे. त्या वर्षीची पिल्लं गेली ती गेलीच, त्याची हळहळ मात्र अजून आहे.

ऑक्टोबरमध्ये काका परत गेले. जाताना मी त्यांना आमची एक जुनी पळी दिली. विमानतळावर सामान तपासणाऱ्यांनी ती कशासाठी म्हणून विचारलं, तेव्हा सुनेनं "किचन" म्हणून वेळ मारून नेली.

पुढच्या मार्चमध्ये बर्फ वितळलं आणि तीन नंबर भरलं. बाकावरचे अबोल गृहस्थ त्या दिवशी आधीच येऊन बसले होते. सकाळी रानबेडूक ओरडायला लागले तेव्हा मी अकोल्याला फोन लावून मोबाइल पाण्याकडे धरला. काका म्हणाले, "बदकं पाळली का?" मी म्हटलं, बेडूक. "अन् आपल्या खात्यातले?" मी तेव्हाच एका बुडालेल्या फांदीवर मुठीएवढा जेलीसारखा अंड्यांचा गोळा पाहिला होता. सॅलॅमँडर पुष्कळ वर्षं जगतात, मोठे होते ते परत आले होते. सांगताना माझा आवाज बदलला. काका म्हणाले, "रडता काय, चार्ज घेतला म्हणा."

हे इथेच संपवलं असतं तर लेखाला बरा शेवट मिळाला असता. पण जुलैमध्ये काकांचाच फोन आला.

"ताई, आमच्या घरामागच्या रिकाम्या प्लॉटात पाणी साचलं. महापालिकेचा माणूस गप्पी घेऊन आला होता. मी त्याला म्हटलं, थांब बापा. आधी पाहू दे, आत कोण राहते ते."

मला हसू आलं, आणि लगेच भीती वाटली. तिथे मलेरिया आहे, डेंग्यू आहे. शेजारी मुलं असणार. मी म्हटलं, "काका, नका हो थांबवू. सोडू दे त्याला मासे."



"तुम्ही म्हणून राहिल्या हे?"

"हो. म्हणजे, तिथलं वेगळं आहे ना."

"मग इथं कोणी खात्यातलं नसेलच असं तुम्हाला माहीत आहे?"

माहीत नव्हतं. मिशिगनमधल्या पाच डबक्यांचा कण न् कण मला ठाऊक होता आणि ज्या देशात मी वाढले तिथल्या एकाही डबक्यात मी कधी वाकून पाहिलं नव्हतं.  मी विचारलं, "मग आता काय करताय, काका?"

"बूट घालून राहिलो," ते म्हणाले. "पळी घेतली आहे. तो माणूस दारातच उभा आहे, त्यालाही संग नेतो. पाहून सांगतो तुम्हाला."